इंजनाचा सकाळचा घास

इथेनॉलला सकाळी उठायचा भारी कंटाळा. पुस्तकात हेच बाष्पीभवन, तापमान असल्या भारदस्त शब्दांत लिहिलेलं असतं. पण डिसेंबरातल्या दिग्रसच्या थंडीत गाडी सुरू करायला जा, म्हणजे काय ते लगेच कळेल. पेट्रोलची थंडीतसुद्धा चटकन वाफ होते आणि ते पेटतं. इथेनॉलचं तसं नाही. स्टार्टर फिरत राहतो, बॅटरी रडकुंडीला येते, शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहतात, आणि हा पुण्यात इतकी वर्षं नेमकं काय शिकला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो.

त्या रविवारी माझं हेच झालं. गाडी सुरू झाली, पण तोवर गल्लीची करमणूक करून.

मी इंजिनांचं ट्यूनिंग करतो. म्हणजे सायलेन्सर फोडून लोकांची झोपमोड करतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी हल्ली वाद घालत नाही. गाडीच्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. इंधन किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, टर्बोने हवा किती दाबून भरायची, हे सगळं त्यात आकड्यांनी मांडलेलं असतं. त्याला आम्ही मॅप म्हणतो, आणि तो मॅप सुधारणं हे माझं काम. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त जाळावं लागतं, सकाळी नखरे करतं, पण एकदा पेटलं की फार गुणाचं. कितीही दाबा, अवेळी भडकत नाही. टर्बोच्या गाडीत त्याच्या जिवावर इतकी ताकद काढता येते की शहाण्या माणसालाही पोरकटपणा सुचतो. माझी लाल सेकंडहँड गाडी मी तशीच तयार केली होती. इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर, दमदार पंप, नवा मॅप.

हे सगळं सदाशिवरावांसाठी चाललं होतं. दिग्रसजवळ शेतकऱ्यांची एक संस्था मक्यापासून इथेनॉल काढते, सदाशिवराव तिचे अध्यक्ष. संस्थेच्या गाड्या आपल्याच इथेनॉलवर पळाव्यात, बाहेरगावी ते नाही मिळालं तर साध्या पेट्रोलवर पळाव्यात, आणि दोन्हींची भेसळ झाली तरी कुरकुर करू नये, अशी त्यांची इच्छा होती. सोमवारी सकाळी ते माझी गाडी बघायला येणार होते. पसंत पडली तर सगळ्या गाड्यांचं काम मला मिळणार होतं, आणि त्या जोरावर दिग्रसलाच वर्कशॉप टाकता येणार होतं. नाही पडली तर पुन्हा पुणे. तिथल्या मालकाने माझी जागा धरून ठेवली होती, पण त्याचा धीर संपत आला होता.

मला जायचं नव्हतं. बाबा गेल्यापासून माय घरात एकटी होती. तिला मात्र विचारावं तर तिचं एकच ठरलेलं. “जायचं तं जाय, बापू. माह्यं काय, मी बरी आहो.”

रविवारी ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती आणि गाडीकडे संशयाने बघत होती.

“काहून सुरू होऊन नाई राह्यली थे?”

“थंडीनं, माय. इथेनॉल थंडीत लवकर पेटत नाई.”

“मंग राती पेट्रोल नाई पाजलं का तिले?”

मी आधीच वैतागलेलो. “माय, हे बाबाचं इंजन नोहे. याले एकच टाकी आहे. आन् उद्या सकाळी सुरू नाई झाली तं मले पुण्याले जावं लागंन, समजलं? तू हात नको लावू याले.”

तिने कप बॉनेटवर ठेवला आणि आत निघून गेली. बाबांच्या इंजनाचं नाव मीच काढलं होतं, आणि आता माझंच कामातलं लक्ष उडालं.

तेव्हा आम्ही महागाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचो. बाबांकडे जमीन नव्हती. एक इंजन होतं. विहिरीवर वीज पोचली नव्हती, आणि जिथं पोचली होती तिथं नांदत नव्हती, त्या दिवसांतली ही गोष्ट. ज्याला गव्हाला किंवा कपाशीला पाणी द्यायचं असेल त्याची बैलबंडी आमच्या दाराशी यायची, बाबा इंजन तिच्यावर चढवायचे आणि स्वतः बाजूला बसून त्याला एका हाताने धरायचे. मला दुसऱ्या हाताने धरायचे. दोघांत जास्त काळजी कोणाची, हे मला कधी कळलं नाही.

त्या इंजनाला दोन टाक्या होत्या. लहान टाकी पेट्रोलची, मोठी रॉकेलची. रॉकेल स्वस्त, पण थंड इंजनात ते पेटायचं नाही. म्हणून दोरी ओढून आधी पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की नळीवरचा कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. कॉक फिरला की आवाज जरा जाड व्हायचा, धुराचा वास बदलायचा आणि तो वास सगळ्या वावरावर पसरायचा. लोकांना लहानपणच्या वासांत मोगरा आठवतो, आमरस आठवतो. मला जळलेलं रॉकेल आठवतं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

संध्याकाळी बंद करताना पुन्हा उलटा क्रम. बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवायचा, नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं रॉकेल जळू द्यायचं, आणि आत पेट्रोल उतरलं की मगच इंजन थांबवायचं. म्हणजे सकाळी दोरी ओढली की ते पेट्रोल आत तयार. हे विसरलं तर दुसऱ्या दिवशी हाताला फोड येईस्तोवर दोरी ओढत बसा. हे काम मायचं होतं. बाबा त्या वेळी वावराच्या पार टोकाला शेवटच्या सरीत पाणी वळवत असायचे. माय दिवसभर कापूस वेचून यायची, ओटीतला कापूस टाकायची आणि तशीच विहिरीकडे वळायची. “इंजनाले सकाळचा घास देऊन येते,” असं म्हणायची. आमच्या घरात त्याला तेच नाव पडलं होतं.

मी तिच्या मागे पळायचो, कारण इंजन थांबवायचा मान माझा असायचा. प्लगवर एक पत्र्याची पत्ती होती, ती लाकडाने दाबली की इंजन बंद. मी कधी घाईत बोटानेच दाबायचो आणि असा झटका बसायचा की माय पदर तोंडावर धरून हसायची. इंजन थांबलं की एकदम शांत व्हायचं. दिवसभराच्या आवाजाने झाकलेलं सगळं मग ऐकू यायचं. सरीतून चाललेलं पाणी, घरी निघालेल्या गुरांच्या गळ्यातल्या घंटा, लांबून बाबांनी मारलेली हाक. पुण्यात मी चांगल्या वस्तीत राहिलो, पण तसली शांतता मला तिथं कधी मिळाली नाही. आठवण आली की जीव कासावीस व्हायचा.

पुढे विजेचे पंप आले. इंजनाला कोणी बोलावेना. बाबा दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले आणि आम्ही इथं आलो. इंजन तिकडेच कोणाला तरी देऊन टाकलं.

असो. रविवारी मला आठवणी काढत बसायला वेळ नव्हता, कारण एक अडचण उरली होती. टाकीत इथेनॉल किती आणि पेट्रोल किती, हे गाडीला कळावं लागतं. त्यासाठी इंधनाच्या नळीत एक सेन्सर बसवतात. तो मी मागवला होता आणि तो वाटेत कुठंतरी आराम करत होता. सदाशिवरावांना सोमवारनंतर महिनाभर सवड नव्हती. मग मी गाडीवाल्यांची जुनी युक्ती वापरली. खुणा केलेल्या काचेच्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, त्यावर टाकीतलं इंधन ओतायचं आणि बाटली हलवायची. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात जाऊन बसतं. पाण्याची रेघ जितकी वर चढली, तितकं इथेनॉल. तो आकडा मी लॅपटॉपवरून गाडीला हाताने सांगितला. टाकीत जवळपास सगळं इथेनॉलच होतं, म्हणून ठिणगी लवकर पाडली, दाब वाढवला, मॅप अगदी काठावर नेला. टाकीच्या तळाला थोडंच इंधन ठेवलं, कारण सदाशिवरावांना घेऊन संस्थेपर्यंत जायचं आणि तिथं त्यांच्या डोळ्यांदेखत टाकी भरायची, असं ठरलं होतं.

सोमवारी बटण दाबलं आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. ना कुरकुर, ना खोकला. आदल्या संध्याकाळी मी थंडीच्या वेळचं इंधन थोडं वाढवलं होतं, ते लागू पडलं असं मी धरून चाललो आणि स्वतःची पाठ थोपटली. माय दारात उभी होती. इतकी खूश मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

सदाशिवराव मफलर गुंडाळून वेळेवर आले. ते मूळचे आमच्याच त्या खेड्यातले, कापूस आणि तुरीचं मोठं वावर असलेले. बाबांना ते ओळखत होते.

“राम राम, बेबीताई. पोरगा काय म्हन्ते?”

“जय भीम, भाऊ. त्याच्या गाडीत बसा, मंग समजंन,” माय म्हणाली.

जिनिंगच्या दाराशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यातून वाट काढत आम्ही पुसदच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर. सावकाश चालवताना गाडी छान पळत होती. पुढे मोकळा चढ आला. “काका, पट्टा नीट लावा,” मी म्हटलं आणि पाय दाबला.

टर्बोची शीळ चढली, सीटने पाठीला धक्का दिला, सदाशिवराव “अरे बाप्पा!” म्हणाले. आणि मग इंजिनातून तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. आमच्या धंद्यातला माणूस तो आवाज लगेच ओळखतो. इंधन अवेळी भडकतंय, आणि हे असंच चालू दिलं तर पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. अजून थोडा वेळ पाय दाबून धरला असता तर चढ संपला असता. सदाशिवरावांना आवाजातलं काही कळलं नसतं, ते खूश होऊन उतरले असते. तो मोह मला झाला. पण इंजिनाची अशी वाट लावणं माझ्याने होत नाही. मी पाय काढला. गाडी सुस्तावली आणि मागून आलेली एस्टी आम्हाला हॉर्न मारून पुढे निघून गेली.

“एस्टी पुढं गेली ना बे आपल्या!” सदाशिवराव म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, नळीला बसवलेल्या छोट्या चावीतून इंधन काढलं, बाटलीत पाणी आणि इंधन घालून हलवलं आणि डोळ्यांसमोर धरलं. रेघ चढली, पण अर्ध्यातच थांबली. टाकीत कोणीतरी पेट्रोल ओतलं होतं, आणि तेही चांगलं डबाभर. गाडी बिचारी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून इथेनॉलच्या हिशोबाने पळत होती.

“कोणीतरी पेट्रोल टाकलं, काका,” मी म्हटलं. “राती टाकीत नव्हतं. घरासमोरच तं उभी होती गाडी.”

सदाशिवराव मैलाच्या दगडावर टेकले होते. ते एकदम हसायला लागले.

“तुया मायनं टाकलं असंन.”

“काय?”

“अरे, माह्या वावरात तुया बापाचं इंजन यायचं ना! संध्याकाळ झाली का तुयी माय येऊन कॉक फिरवे. एकदा माह्या सालदार गड्यानं तिची वाट नाई पाह्यली, रॉकेलवरच बंद करून टाकलं. लय बोलली त्याले. मलेबी बोलली. इंजनाले उपाशी ठेवता काय म्हने! मी वावराचा मालक, आन् गुपचूप आयकून घेतलं.”

मला राग आला. हात लावू नको असं स्वच्छ सांगितलं होतं. ज्या एका सकाळवर सगळं अवलंबून होतं, तीच तिने नासवली. पण मी उगाच बॉनेटमध्ये डोकं घालून एक घट्ट असलेला नट पुन्हा घट्ट करत बसलो. त्या विहिरीवर कॉक फिरवून कान देऊन उभी राहिलेली माय मला दिसत होती, आणि तिच्या शेजारी मी.

सदाशिवरावांचं हसू थांबलं. “पण मले एक सांग. आमचे ड्रायव्हर काय याच्यापेक्षा येगळे आहेत? कोणी बाटलीनं टाकंन, कोणी डब्यानं टाकंन. दर खेपेले तू काय रस्त्यावर बाटली हालवत बसशीन?”

प्रश्न वर्मी लागणारा होता आणि रास्त होता. मायवर सगळं ढकलून मला मोकळं होता आलं असतं.

“नाई, काका. तिची चूक नाई,” मी म्हटलं. “जे टाकीत जाईन ते गाडीनं आपल्या मनानं ओयखलं पायजे. त्याचा सेन्सर असते, तो अजून आला नाई आन् मी आजची घाई केली. सेन्सर बसल्याशिवाय मी तुमची एकबी गाडी रस्त्यावर सोडनार नाई. मंग काम मले भेटो का नाई भेटो.”

मी लॅपटॉप बॉनेटवर ठेवून नवा आकडा भरला, ठिणगी मागे घेतली, दाब उतरवला. गाडी वळवून चढाच्या पायथ्याशी नेली आणि पुन्हा वर काढली. आधीची मस्ती नव्हती, पण आवाज निर्मळ होता. सदाशिवराव आता मान तिरपी करून ऐकत होते. चढ संपला तसे ते खिडकीबाहेरची तूर बघू लागले. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

संस्थेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा ते पट्ट्याशी झटापट करत म्हणाले, “तुया सेन्सर येऊ दे. मंग पयले माही गाडी घे, बाकीच्या मागून. गोडाऊनच्या बाजूची शेड खाली आहे, ते पाहून घेजो.”

परत येताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. तरी मायला काय सुनवायचं, याची तालीमही चालली होती. दोन्ही एकदम जमत नव्हतं.

माय अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघताच तिने मान वर केली.

“सुरू झाल्ती ना चांगली?”

“तुया समोरच तं झाली. पेट्रोल तू टाकलं, माय?”

“हाव. शेजारच्या रवीले सांगून आनलं.”

“मी हात नको लावू म्हनलं होतं.”

“हाव.”

चढावर काय झालं, पिस्टन कसा वाचला, हे सगळं जिभेवर होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. “काम भेटलं,” मी म्हटलं. “आता इथंच राह्यतो मी.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ खाली बसलो.

“फोनवर मी बरी आहो, बरी आहो म्हनत होती ना तुले,” ती म्हणाली. “नाई होती मी बरी. सकाळी उठलं का घर खायले उठे. पन तुले कायले सांगू? तुयी नोकरी तिकडं.”

मी तिचा हात धरला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“खरं सांग. गाडी सुरू नसती झाली, तं गेला असता ना तू?”

नाही म्हणायला काय लागत होतं! पण ती इतक्या वर्षांनी खरं बोलली होती.

“गेलो असतो, माय.”

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “म्हनून तं टाकलं.”